वारसाहक्काने आलेली टेक्सासची तेल-रॉयल्टी : पहिल्या वर्षात काय करायचं

ह्यूस्टनला काकांचं घर आवरताना बटर कुकीजचा तो निळा पत्र्याचा डबा हाती लागला. अशा डब्यात सुई-दोरा आणि सुटी बटणं असतात हे आपण लहानपणापासून पाहिलेलं, म्हणून मी तो सरळ देऊन टाकायच्या ढिगात ठेवला होता. नाशिकहून ताई व्हिडिओवर होती. ती म्हणाली, "उघडून तरी बघ, काकूची कात्री असेल." आत चेकला जोडून येणाऱ्या पावत्यांची चळत होती, पिवळं पडलेलं खरेदीखत होतं आणि काकांच्या बारीक अक्षरात एका चिठ्ठीवर फक्त एक आकडा लिहिलेला होता: ०.००६२५.

त्या आकड्याचा अर्थ लावून तो माझ्या आणि ताईच्या नावावर यायला आम्हाला दीड वर्ष लागलं. त्यातलं निदान वर्षभर निव्वळ माहिती नसल्यामुळे गेलं. तुमचे मामा, सासरे, कुणी आजोबा अमेरिकेत होते आणि मागे असला एखादा डबा ठेवून गेले असतील, तर तुमचं ते वर्ष वाचावं म्हणून हे लिहितोय. मी वकील नाही, करसल्लागारही नाही. न्यू जर्सीत नोकरी करणारा साधा माणूस आहे. आमचा मामला टेक्सासचा होता, त्यामुळे नियम तिथले सांगतो. राज्य बदललं की नियमही बदलतात.

आधी मुळातली गोष्ट, कारण आपल्याकडच्या माणसाचा गोंधळ तिथूनच सुरू होतो. महाराष्ट्रात जमीन महसूल संहितेच्या कलम ४८ प्रमाणे जमिनीखालची खनिजं सरकारची. तुमच्या वावरात तेल लागलं तरी ते तुमचं नाही. अमेरिकेत खाजगी जमिनीखालचं तेल आणि वायू खाजगी मालकीचे असू शकतात, आणि वरची जमीन एकाची, खालची खनिजं दुसऱ्याची अशी फाळणी करून ती वेगवेगळी विकताही येतात. काकांनी १९९३ साली कार्न्स काउंटीत (काउंटी म्हणजे तिथला जिल्हा) चाळीस एकरांच्या एका तुकड्यातल्या खनिजांचा अर्धा हिस्सा घेतला, म्हणजे निव्वळ वीस एकर. वर गवत आणि गुरं, ती दुसऱ्याची. काका भूभौतिकशास्त्रज्ञ, त्यामुळे ही त्यांची हौस. पुढे २००८ साली ला सॅल काउंटीत ईगल फोर्ड शेलची (तेल-वायू असलेल्या खडकाच्या थराची) पहिली यशस्वी विहीर लागली, आणि त्या सगळ्या पट्ट्याचं नशीबच पालटलं.

१. डबा रिकामा करा, काही फेकू नका

पहिल्या दिवशी वर्गवारी करत बसू नका, सगळं एका टेबलावर पसरा. तुम्हाला हवं आहे ते असं:

- खरेदीखत किंवा मिनरल डीड. त्यावर काउंटीच्या दप्तराचा खंड आणि पान क्रमांक असतो.
- लीज, म्हणजे तेल कंपनीशी झालेला भाडेकरार, आणि त्यातली नंतरची दुरुस्तीपत्रं.
- चेकच्या पावत्या. जुन्यातली जुनी आणि नव्यातली नवी तरी ठेवाच. त्यावर ओनर नंबर, विहिरीचं नाव आणि हिश्श्याचा दशांश (म्हणजे ०.००६२५ सारखा दशांश अपूर्णांक) असतो.
- डिव्हिजन ऑर्डर. तो दशांश मान्य असल्याची सही यावर केलेली असते.
- काउंटीच्या मालमत्ता कराची बिलं.
- गेल्या काही वर्षांचे १०९९-मिस्क फॉर्म (वर्षभरात दिलेल्या पैशांचा कंपनीने पाठवलेला करासाठीचा हिशोब) आणि आयकर विवरणपत्रं.

कागद सापडतच नसतील तर बँकेची जुनी विवरणपत्रं चाळा. दरमहा विचित्र रक्कम जमा करणारी कंपनी तिथे दिसेल. मग टेक्सास कम्पट्रोलरच्या (राज्याच्या हिशोब खात्याच्या) बेवारस मालमत्तेच्या संकेतस्थळावर नाव शोधा. तेल-वायूचे पैसे तीन वर्षं कुणी घेतले नाहीत तर कंपनीला ते राज्याकडे जमा करावे लागतात. आपल्या नावांसाठी इथे जरा डोकं लढवावं लागतं. काकांचं नाव एका ठिकाणी पूर्ण, दुसऱ्या ठिकाणी दोन आद्याक्षरं आणि आडनाव, तर तिसऱ्या ठिकाणी वडिलांचं नावच आडनाव म्हणून नोंदलेलं. 'व' साठी कुणी व्ही लिहितो, कुणी डब्ल्यू. 'श' चं तर विचारूच नका. पाच-सहा प्रकारे शोधा. आम्हाला वडिलांच्या नावाखाली दोनशे दहा डॉलर मिळाले.

२. हाती नक्की काय आलंय ते ओळखा

'मिनरल राइट्स' हा शब्द सगळे ढोबळपणे वापरतात. आतले प्रकार वेगळे आहेत आणि फरक पैशाचा आहे.

पूर्ण मिनरल इंटरेस्ट असेल तर लीज करायचा हक्क, लीजच्या वेळी मिळणारा बोनस आणि रॉयल्टी (विकलेल्या तेल-वायूतला वाटा), तिन्ही तुमचे. नॉन-पार्टिसिपेटिंग रॉयल्टी असेल तर उत्पन्नातला वाटा येतो, पण लीजवर सही करायचा हक्क दुसऱ्याचा. ओव्हरराइडिंग रॉयल्टी त्या एका लीजपुरती. लीज संपली की तीही संपते. आणि वर्किंग इंटरेस्ट असेल तर सावध व्हा. त्यात विहिरीच्या खर्चातही वाटा असतो, म्हणजे चेकच्या जागी एखादा महिना बिल येऊ शकतं, आणि विहीर बुजवायचा खर्चही शेवटी त्यातच येतो. वर्किंग इंटरेस्ट वारशात येत असेल तर स्वीकारायच्या आधी वकील गाठा.

३. विहीर जिवंत आहे का ते स्वतः पाहा

टेक्सासमध्ये तेल-वायूवर देखरेख करते रेलरोड कमिशन. नाव रेल्वेचं, काम तेलाचं. १८९१ साली रेल्वेसाठीच स्थापन झालेली ही संस्था, आणि तिच्याकडचे रेल्वेचे उरलेसुरले अधिकार २००५ मध्ये गेले, पाटी मात्र तीच राहिली. तिच्या संकेतस्थळावर नकाशा आहे. पावतीवरच्या विहिरीच्या नावावरून लीज क्रमांक शोधा, म्हणजे महिन्यागणिक किती बॅरल तेल आणि किती वायू निघाला हे फुकट दिसतं. विहिरीला एपीआय क्रमांक (तिचा ओळख क्रमांक) असतो, टेक्सासचा ४२ ने सुरू होतो.

हे करताना एक गोष्ट मनाशी बांधून ठेवा. शेलमधल्या आडव्या विहिरींचं उत्पादन फार झपाट्याने उतरतं. पहिल्या वर्षातच ते निम्म्याहून खाली येणं नेहमीचं आहे, पुढे उतार मंद होत जातो. काकांची जुनी पावती पाहून मी मनातल्या मनात घराचं कर्ज फेडून टाकलं होतं. ती विहिरीच्या तिसऱ्या महिन्याची पावती होती.

४. नाव लावून घ्या

इथे तलाठी नाही. वारस नोंदीचा अर्ज दिला, नोटीस लागली, फेरफार मंजूर झाला, असं काही होत नाही. ज्या काउंटीत खनिजं आहेत तिथल्या काउंटी क्लार्ककडे मालकी कुणाकडून कुणाकडे गेली हे दाखवणारे कागद तुम्हीच नोंदवायचे. त्या साखळीतली एक कडी जरी सुटली तरी पैसे थांबतात.

मार्ग साधारण तीन आहेत.

मृत्युपत्र असेल तर ते प्रोबेट करायचं, म्हणजे कोर्टाकडून मान्य करून घ्यायचं. टेक्सासमध्ये मृत्यूनंतर चार वर्षांच्या आत ते कोर्टात दाखल करावं लागतं. उशीर झाला तर फार मर्यादित मार्ग उरतात. देणी काही नसतील तर 'म्युनिमेंट ऑफ टायटल' नावाचा छोटा मार्ग आहे. त्यात एक्झिक्युटर (मृत्युपत्र अमलात आणणारा) नेमावा लागत नाही, मृत्युपत्रच मालकीचा पुरावा ठरतं. काकांचं प्रोबेट ते राहायचे त्या हॅरिस काउंटीत झालं. मग मृत्युपत्राची आणि कोर्टाच्या हुकमाची प्रमाणित प्रत, शिवाय एक्झिक्युटरने आम्हा दोघांच्या नावे करून दिलेलं वाटणीखत, असं सगळं कार्न्स काउंटीत नोंदवलं. नोंदणीचा खर्च किरकोळ: पहिल्या पानाला साधारण पंचवीस डॉलर, पुढच्या प्रत्येक पानाला चार.

मृत्युपत्र नसेल तर ॲफिडेव्हिट ऑफ एअरशिप. कुटुंबाला ओळखणारे आणि वारशात काही हितसंबंध नसलेले दोन साक्षीदार शपथेवर सांगतात की माणूस कधी गेला, लग्नं किती झाली, मुलं किती, मागे कोण. ते काउंटीत नोंदवायचं. पाच वर्षं दप्तरी राहिलं की कायदा त्यातल्या मजकुराला प्रथमदर्शनी पुरावा मानतो. बऱ्याच कंपन्या मात्र आधीच ते मान्य करून पैसे सुरू करतात.

तिसरी परिस्थिती: माणूस दुसऱ्या राज्यात वारला आणि खनिजं टेक्सासमध्ये. मग तिकडच्या प्रोबेटचे प्रमाणित कागद इथे नोंदवावे लागतात. उलट, टेक्सासच्या माणसाची खनिजं ओक्लाहोमात असतील तर तिथे वेगळी प्रक्रिया. खनिजं स्थावर मालमत्ता आहेत, आणि स्थावराला ती जिथे आहे तिथला कायदा लागतो.

आता आमची फसगत. सगळे कागद नोंदवले, कंपनीला पाठवले, तीन महिन्यांनी उत्तर आलं: दोघांना मिळून फक्त अर्धा हिस्सा मान्य, उरलेला अर्धा थांबवलेला. मी आधी चिडलो, मग फोन केला. चाळीस मिनिटं संगीत ऐकल्यावर एका बाईंनी शांतपणे समजावलं. टेक्सास हे सामाईक मालमत्तेचं राज्य. लग्न झालेलं असताना घेतलेली मालमत्ता, खतावर एकाचंच नाव असलं तरी, दोघांची धरतात. खत १९९३ चं, तेव्हा काकू होत्या. काकू २०११ मध्ये गेल्या. मग काकूंचा अर्धा हिस्सा कुणाकडे गेला, याचा एकही कागद दप्तरात नाही. काका हयात असताना कुणी विचारलं नव्हतं. आम्हीच प्रोबेटच्या अर्जात 'विधुर' असं लिहून दिलं आणि टायटल तपासणाऱ्याने बरोबर बोट ठेवलं.

काकूंनी मृत्युपत्र केलं नव्हतं, मूलबाळ नव्हतं. अशा वेळी सामाईक मालमत्तेतला त्यांचा हिस्सा कायद्याने पतीकडेच जातो. पण ते कागदावर आणायचं तर काकूंचं एअरशिप ॲफिडेव्हिट हवं, आणि त्यासाठी त्यांना ओळखणारे दोन साक्षीदार. एक शेजारीण मिळाली. दुसरे काकांचे मंडळातले मित्र, वय ८१. नोटरीपुढे बसल्यावर त्यांना विचारलं, "या बाईंना तुम्ही किती वर्षं ओळखत होतात?" ते म्हणाले, "सदतीस. आणि त्यातली तीस वर्षं दिवाळीत त्यांच्या चकल्या खाल्ल्या." नोटरीने फक्त सदतीस लिहून घेतलं. ते ॲफिडेव्हिट नोंदवल्यावर पुढच्या दोन महिन्यांत थांबलेला अर्धा हिस्सा सुटला, मागच्या थकबाकीसह.

तेव्हा कागद पाठवायच्या आधी हे तपासा: खत झालं तेव्हा त्या माणसाचं लग्न झालेलं होतं का? जोडीदार आधी गेला असेल तर त्याच्या हिश्श्याचा कागद दप्तरात आहे का? नावांची स्पेलिंग कागदागणिक वेगळी असतील तर 'ही दोन्ही नावं एकाच व्यक्तीची' असं एक ॲफिडेव्हिट जोडून टाका. लग्नानंतर नाव बदललेल्या मुली वारस असतील तर हे लागणारच. ताईला लागलं.

५. कंपनीला कळवा आणि दशांश स्वतः काढा

विहीर चालवणाऱ्या ऑपरेटर कंपनीत 'ओनर रिलेशन्स' नावाचा विभाग असतो. जुना ओनर नंबर, मृत्यूचा दाखला, नोंदवलेल्या कागदांच्या प्रती, तुमचा पत्ता आणि डब्ल्यू-९ फॉर्म (तुमचा करक्रमांक कळवणारा) एकत्र पाठवा. डब्ल्यू-९ राहिला तर कंपनी २४ टक्के कापून सरकारकडे भरते. तेल एक कंपनी विकते आणि वायू दुसरी, असंही असतं. मग दोघींना पाठवा. पोस्टाने पाठवत असाल तर पोचपावतीसह.

मधल्या काळात तुमचे पैसे सस्पेन्स खात्यात साठतात. बुडत नाहीत. पण मालकीबद्दल शंका असताना अडकलेल्या पैशांवर व्याज मागायला जाऊ नका, कायदा त्या बाबतीत कंपनीच्या बाजूचा आहे.

मग डिव्हिजन ऑर्डर येईल. सही करण्यापूर्वी गणित करा. अवघड नाही:

तुमचे निव्वळ एकर भागिले पूर्ण युनिटचे (विहिरीसाठी एकत्र धरलेल्या सगळ्या जमिनीचे) एकर, गुणिले लीजमधला रॉयल्टीचा दर.

काकांचे वीस एकर. विहिरीचं युनिट ६४० एकरांचं. लीजमध्ये रॉयल्टी एक पंचमांश. २० भागिले ६४० म्हणजे ०.०३१२५, त्याचा पाचवा भाग ०.००६२५. चिठ्ठीवरचा आकडा हाच. कागदावर पेनने हे गणित सुटलं तेव्हा, खरं सांगतो, काकांशी दोन शब्द बोलल्यासारखं वाटलं. आम्हा दोघांत वाटल्यावर प्रत्येकी ०.००३१२५.

तुमचं उत्तर आणि कंपनीचा आकडा जुळत नसेल तर सही करू नका, लेखी विचारा. टेक्सासमध्ये कंपनी सहीशिवाय पैसे रोखू शकते, म्हणून गप्प बसून चालत नाही; पण डिव्हिजन ऑर्डरने मूळ लीजच्या अटी बदलत नाहीत हेही लक्षात असू द्या. तिथे पंचमांश लिहिलेला असेल तर तो पंचमांशच.

६. पावती वाचायला शिका

पहिली पावती पाहून कुणाचंही डोकं गरगरतं. एक महिना समजून घेतलात की पुढचे सगळे सारखेच.

समजा त्या महिन्यात विहिरीतून ६,००० बॅरल तेल विकलं गेलं, भाव ७५ डॉलर. एकूण ४,५०,००० डॉलर. माझा हिस्सा ०.००३१२५, म्हणजे १,४०६.२५ डॉलर. त्यातून टेक्सासचा उत्पादन कर: तेलावर ४.६ टक्के, वायूवर ७.५ टक्के. इथे ६४.६९ गेले. हातात १,३४१.५६. पावतीवर एकूण रक्कम आणि तुमच्या हिश्श्याची रक्कम असे दोन रकाने शेजारी शेजारी असतात. ताईने पहिल्या वेळी एकूण रकान्यातला आकडा वाचला आणि भावजींना उठवलं.

वायूची ओळ जास्त गुंतागुंतीची असते. तो हजार घनफुटांत मोजतात आणि त्यातून गोळा करणं, दाब वाढवणं, प्रक्रिया, वाहतूक असे खर्च वजा झालेले दिसतात. ते कापायची परवानगी आहे की नाही हे लीजची भाषा ठरवते. 'खर्च कापू नये' एवढं वाक्य लीजमध्ये असलं म्हणजे झालं असं समजू नका. टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने १९९६ मध्ये हेरिटेज रिसोर्सेस विरुद्ध नेशन्सबँक या खटल्यात असं वाक्य लीजमध्ये असूनही वजावट मान्य केली, कारण रॉयल्टी विहिरीच्या तोंडाशी असलेल्या किमतीवर ठरवलेली होती. म्हणून हे वकिलाकडून वाचून घेण्यासारखं कलम आहे. रेलरोड कमिशन रॉयल्टीच्या भांडणात पडत नाही, त्यांच्याकडे तक्रार करून वेळ घालवू नका.

कधी पावतीत उणे आकडे येतात. बहुतेक वेळा मागच्या महिन्याची दुरुस्ती असते: आधीची नोंद उणे करून सुधारलेली पुन्हा अधिक केलेली. दोन्ही मिळून वाचा. क्वचित बाजारच उलटतो. २० एप्रिल २०२० ला अमेरिकी कच्च्या तेलाचा वायदा उणे ३७.६३ डॉलरवर बंद झाला होता. त्या महिन्यातला चेक मी फ्रेम करून ठेवायला हवा होता, सिनेमाचं एक तिकीट आलं नसतं त्यात.

पैसे कधी यायला हवेत? नवीन विहीर असेल तर पहिली विक्री झालेला महिना संपल्यापासून १२० दिवसांत. नंतर तेलाचे, विक्रीचा महिना संपल्यापासून ६० दिवसांत आणि वायूचे ९० दिवसांत. हिस्सा लहान असून शंभर डॉलरपर्यंतच देणं असेल तर कंपनी वर्षातून एकदा देऊ शकते. पंचवीसच्या वर साचत असेल तर लेखी मागणी करून दरमहा घेता येतं.

७. कराचं

अमेरिकेत राहणाऱ्या वारसाला जानेवारीच्या शेवटी किंवा फेब्रुवारीत १०९९-मिस्क येतो. रॉयल्टी दुसऱ्या चौकटीत, आणि ती शेड्यूल ई मध्ये दाखवायची. इथे लोक सोडून देतात ती सवलत म्हणजे डिप्लीशन (खालचा साठा संपत जातो म्हणून मिळणारी वजावट): सर्वसाधारण रॉयल्टीधारकाला एकूण रॉयल्टीच्या १५ टक्के वजा करता येतात. साध्या सॉफ्टवेअरमध्ये तो प्रश्न येतो आणि माणूस 'लागू नाही' दाबून पुढे जातो. मी पहिल्या वर्षी तेच केलं, मग दुरुस्त विवरणपत्र भरावं लागलं.

दुसरी गोष्ट आत्ता न करता राहिली तर पुढे महाग पडते. मृत्यूच्या दिवशी त्या खनिजांची बाजारभावाने किंमत किती होती याचा मूल्यांकन अहवाल करून ठेवा. वारसाची मूळ किंमत त्या दिवशीच्या भावाने धरतात. उद्या विकलंत तर नफा तिथून मोजला जाईल, काकांनी १९९३ ला दिलेल्या किमतीपासून नाही.

टेक्सासला राज्य आयकर नाही, पण तुम्ही राहता त्या राज्याचा असेल. शिवाय उत्पादन चालू असलेल्या खनिजांवर काउंटीचा मालमत्ता कर लागतो. बिल शरद ऋतूत निघतं, भरायची मुदत ३१ जानेवारी. कंपनीकडे पत्ता बदललात म्हणजे काउंटीच्या ॲप्रेझल डिस्ट्रिक्टकडे (करासाठी मूल्यांकन करणाऱ्या कचेरीकडे) तो आपोआप बदलत नाही. आमचं पहिलं बिल विकलेल्या घराच्या पत्त्यावर गेलं आणि मी ते मे महिन्यात दंडासह भरलं.

८. वारस भारतात असेल तर

ताईचं प्रकरण इथे वेगळं होतं. मला वाटत होतं की मी माझ्या खात्यात घेईन आणि तिला पाठवेन. हे करू नका. उत्पन्न तिचं आहे, कागदोपत्री तुमचं दिसेल, आणि दोन देशांच्या कर खात्यांना वेगवेगळी उत्तरं देत बसाल.

अमेरिकी नागरिक नसलेल्या आणि तिथे न राहणाऱ्या वारसाने डब्ल्यू-८बेन (आपण परदेशी असल्याचं कळवणारा फॉर्म) दिला तर कंपनी एकूण रॉयल्टीतून ३० टक्के कापते आणि विषय संपतो. दुसरा रस्ता आहे: अमेरिकी करकायद्याच्या कलम ८७१(डी) खाली निवड करून हे उत्पन्न निव्वळ पद्धतीने करपात्र ठरवायचं, कंपनीला डब्ल्यू-८ईसीआय द्यायचा आणि दरवर्षी १०४०-एनआर (अनिवासींचं अमेरिकी विवरणपत्र) भरायचा. मग मालमत्ता कर, डिप्लीशन वगैरे वजा करून नेहमीच्या दराने कर लागतो. ताईसारख्या लहान उत्पन्नाला तो बराच कमी पडला. कोणत्याही रस्त्याने जा, आधी आयटीआयएन क्रमांक (अमेरिकेचा करक्रमांक) काढा, डब्ल्यू-७ फॉर्मवर. त्यालाच काही महिने जातात. ताईने पासपोर्टची मूळ प्रत पाठवायला साफ नकार दिला, म्हणून अधिकृत एजंटकडून पडताळणी करून घेतली.

भारताच्या बाजूला फेमाच्या (परकीय चलनाच्या कायद्याच्या) कलम ६(४) प्रमाणे परदेशात राहणाऱ्या व्यक्तीकडून वारशाने मिळालेली परदेशातली स्थावर मालमत्ता निवासी भारतीयाला ठेवता येते, परवानगीची भानगड नाही. मात्र निवासी असेल तर जगभरच्या उत्पन्नावर भारतात कर आहे, अमेरिकेत भरलेल्या कराचं श्रेय मागता येतं, आणि विवरणपत्रातल्या परदेशी मालमत्तेच्या तक्त्यात हे दाखवणं सक्तीचं आहे. उत्पन्न शून्य असलं तरी. न दाखवल्यास २०१५ च्या काळा पैसा कायद्याखाली दहा लाख रुपये दंडाची तरतूद आहे. आपल्या नेहमीच्या सीएंना या तक्त्याचा अनुभव आहे का, ते आधी विचारा.

आणखी एक: अनिवासी परदेशी वारस पुढे स्वतः वारला आणि त्याची अमेरिकेतली मालमत्ता ६०,००० डॉलरच्या वर असेल तर अमेरिकेचा इस्टेट टॅक्स लागू शकतो. विकायची झाली तर फिर्प्टा या परदेशी विक्रेत्यांसाठीच्या अमेरिकी कायद्याखाली विक्रीच्या रकमेतून साधारणपणे १५ टक्के कापून घेतले जातात. ते पुढे विवरणपत्रात जुळवता येतात, पण वर्षभर अडकतात.

९. गोड पत्रं येतील

काउंटीत आमचे कागद नोंदवले गेले आणि तीन आठवड्यांत सहा पत्रं आली. सगळ्यांना आमच्या दुःखाबद्दल सहानुभूती होती आणि सगळ्यांना ती खनिजं विकत हवी होती. त्यांना पत्ता कसा कळला? प्रोबेट आणि काउंटीचं दप्तर सार्वजनिक असतं, आणि खरेदीवाले त्यावर डोळा ठेवूनच असतात.

एका पत्रासोबत चेकसारखा कागद होता, माझ्या नावाचा, बरीच मोठी रक्कम. बारीक वाचलं तर तो बँक ड्राफ्ट होता आणि सोबत सहीसाठी जोडलेला कागद मिनरल डीड. म्हणजे सही करून ड्राफ्ट बँकेत टाकला की खनिजं त्यांची. टेक्सासच्या कायद्याप्रमाणे टपालाने असं खरेदीखत पाठवताना 'तुम्ही तुमचे हक्क विकत आहात' अशा अर्थाची ठळक सूचना छापावी लागते. ती सूचना शोधायची सवय लावा. विकायचंच असेल तर बेलाशक विका, त्यात पाप नाही. पण पहिलं वर्ष थांबा, बारा पावत्या हातात येऊ द्या, शेजारी नवीन विहिरींचे परवाने निघालेत का ते रेलरोड कमिशनच्या नकाशावर बघा, आणि दोन-तीन ठिकाणांहून भाव घ्या.

पत्र लीजसाठी असेल, म्हणजे तुमची खनिजं अजून कुणाला दिलेली नसतील, तर घासाघीस करायला पूर्ण वाव आहे. पूर्वी एक अष्टमांश रॉयल्टी सरसकट असायची. टेक्सासच्या चांगल्या भागात आता पंचमांश ते पाव मागतात. मुदत तीन वर्षांची ठेवा, आपोआप वाढणारी नको. बंद ठेवलेल्या विहिरीच्या नावावर लीज अनंतकाळ चालू राहणार नाही अशी मर्यादा घाला. पग क्लॉज मागा, म्हणजे युनिटमध्ये न आलेली जमीन मुदतीनंतर मोकळी होते. मालकी हक्काची हमी देणारं कलम असेल तर ते खोडून घ्या, विशेषतः वारशाच्या मालमत्तेत. काकूंच्या हिश्श्यासारखं काय कुठे दडलं असेल, सांगता येत नाही. आणि ड्राफ्ट वटल्याशिवाय मूळ लीज हातातून सोडू नका.

खनिजं टेक्सासऐवजी नॉर्थ डकोटा, ओहायो, इंडियाना, मिशिगन अशा राज्यांत असतील तर एक धोका जास्तीचा. तिथे वीस वर्षं वापर किंवा नोंद नसेल तर खनिजं वरच्या जमीनमालकाकडे जाऊ शकतात. हक्काचं निवेदन दप्तरी नोंदवून ते थांबवता येतं. लुइझियानात जमिनीपासून वेगळा केलेला खनिज हक्क दहा वर्षं वापरला नाही तर संपतो. टेक्सासमध्ये असा कायदा नाही.

१०. एक वही

निळ्या डब्यात आता एक वही आहे. पहिल्या पानावर काउंटी, दप्तराचे क्रमांक, लीज क्रमांक, एपीआय क्रमांक, आमचे दोघांचे ओनर नंबर, दशांश आणि तो कसा काढला ते गणित. दुसऱ्या पानावर कुणाकुणाला पत्ता बदल कळवायचा त्यांची यादी: ऑपरेटर, वायू विकणारी कंपनी, ॲप्रेझल डिस्ट्रिक्ट, काउंटीचा करवसुली अधिकारी. तिसऱ्यापासून दर महिन्याचं उत्पादन आणि जमा रक्कम, रेलरोड कमिशनच्या आकड्यांशेजारी. तफावत असली की लाल पेन.

ताईला दोन मुली. तिचा हिस्सा पुढे त्यांच्यात वाटला जाईल तेव्हा प्रत्येकीला ०.००१५६२५ येईल आणि पुन्हा हाच सगळा खटाटोप, त्याही वेळी नाशिकहून. म्हणून टेक्सासच्या वकिलाकडून 'ट्रान्सफर ऑन डेथ डीड' करून घ्यायचं चाललंय. ते हयातीतच काउंटीत नोंदवून ठेवता येतं आणि मग प्रोबेट लागत नाही. मसुदा आलाय. त्यात धाकटीच्या नावाचं स्पेलिंग चुकलंय, ते परत पाठवलंय.